रेडिओपुढचं पान

चंपाषष्ठी होऊन चार दिवस झाले नाहीत तोच असोद्याहून वांग्यांची पाटी आली. धुळ्यात वांगी मिळत नाहीत असं नाही, पण इथल्या बाजारातल्या त्या जांभळ्या गोट्यांना वांगी म्हणायला माझी जीभ वळत नाही. आमच्याकडचं भरताचं वांगं हिरवट पांढरं, लांबोडकं, हातात घेतलं तर हलकं लागणारं, आणि बी म्हणाल तर नावाला. पाटी उतरवून घेतली तेव्हा आमचे हे रेडिओपाशी बसून बातम्या ऐकत होते. हल्लीच्या बातम्या ऐकवत नाहीत. कुठे कुणी कुणाची घरं पेटवली, कुठे शेजाऱ्यानं शेजाऱ्यालाच कापलं. ह्यांनी रेडिओचा कान पिळून तो बंद केला आणि म्हणाले, "ही काय माणसं आहेत? राक्षस आहेत, राक्षस!"

मी वांग्यांना तेल लावत बसले. राक्षस हा शब्द मीही पूर्वी फार सहज वापरत असे. बावीस वर्षं एकाच माणसासाठी वापरला. मग एका हिवाळ्यात तो माझ्या तोंडात अडकला आणि अजून तसाच अडकलेला आहे. त्याला कारण एक रेडिओ, एक भरीत आणि आमची अक्का.

लढाईचं दुसरं वर्ष असेल. पहिल्या बाळंतपणाला मी असोद्याला माहेरी होते. दिवाळीच्या आधी छबी झाली. थंडी सरेपर्यंत लेकीला पाठवणार नाही, असं अक्कानं ह्यांना पत्रानं कळवलं. कळवलं म्हणजे मलाच लिहायला बसवलं आणि खाली स्वतःचा अंगठा उठवला. अक्का ही नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, चुलतवहिनी. लवकर विधवा झालेली, मूलबाळ नाही. माझी आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. मूळची नरडाण्याकडची, असोद्याला येऊन चाळीस वर्षं झाली तरी तिची बोली काही हलली नाही. गाव म्हणे 'हाये', ती म्हणे 'शे'; गाव म्हणे 'सगळं', ती म्हणे 'बठ्ठं'. आळीतल्या पोरी चिडवायच्या, "अक्का, बठ्ठं शे का घरात?" त्यावर ती म्हणायची, "बठ्ठं शे माय, तुमले अक्कल तेवढी नई."

रेडिओ गावात एकच होता, समोरच्या दगडूभाऊंचा. लढाईच्या बातम्यांसाठी म्हणून त्यांनी घेतला. घराच्या धाब्यावर दोन बांबू, त्यांच्यामध्ये तार, आणि खाली कपाटाएवढी ती पेटी. बॅटरी संपली की बैलगाडीत घालून जळगावला भरायला न्यायची. न्यायची-आणायची तेही एखाद्या बाळंतिणीला न्यावं तसं, खाली कडबा अंथरून. पेटीवर त्यांच्या बायकोनं, दगडूबाईंनी, विणलेला रुमाल असे आणि शेजारी उदबत्ती. भाऊ म्हणत, "विलायती असली म्हणून काय झालं, सरस्वतीच हाये ती."

त्या हिवाळ्यात दर गुरुवारी दिवेलागणीनंतर मुंबईहून एक नाटक लागायचं. भागाभागानं. नाव आता नक्की आठवत नाही, शेवटचं दार की असंच काहीतरी. गोष्ट पुढच्या काळातली, दोनशे वर्षांनंतरची. जगातली हवा नासलेली. माणसं डोंगराच्या पोटात भुयार खोदून राहतात आणि एक यंत्र त्यांना श्वासापुरती हवा पुरवतं. यंत्राचा आवाज सारखा मागे चालू असे, भस्स, भस्स. आमच्या आळीचं एकमत होतं की मुंबईच्या लोकांनी लोहाराचा भाता आणून ठेवला आहे. भुयाराचा मुख्य एक डॉक्टर. यंत्राची हवा चारशे माणसांपुरती, आणि माणसं त्याहून जास्त. तर पहिल्याच गुरुवारी ह्या डॉक्टरनं भुयाराचं दार लावून घेतलं. शंभर माणसं बाहेर राहिली. त्यांत त्याची सख्खी बहीण.

दार गोष्टीत लोखंडाचं होतं, पण आवाज आला तो लाकडी अडसराचा. कुठल्या तरी जुन्या घराचा अडसर त्यांनी सरकवला असणार. घर्र करून तो आवाज पेटीतून आला आणि माझ्या मांडीवर दूध पिणारी छबी दचकली. ती दचकली कारण मी दचकले होते.

तो आवाज मी पाच वर्षांची असताना ऐकला होता.

मानमोडीचं साल. त्या तापानं माणसं अशी जायची की खांदे द्यायला खांदे उरले नव्हते. निम्मं गाव शेतात झोपड्या बांधून राहिलं होतं, अक्काही तिकडेच. नाना गाडी घेऊन यावलला गेलेले, ते तीन दिवस आले नाहीत. घरात मी आणि आई, आणि आईचं अंग तव्यासारखं तापलेलं. रांजणातलं पाणी संपलं होतं. आमच्या भिंतीला भिंत लागून भिकाआबाचं घर, आबा म्हणजे नानांचा सख्खा थोरला भाऊ. विहीर दोन्ही घरांची एकच, पण ती आबाच्या अंगणात. दिवे लागायच्या वेळी आई मला धरून त्याच्या ओट्यावर गेली. जेठासमोर बाईनं तोंडातून शब्द काढायची आमच्यात रीत नव्हती. आईनं आयुष्यात पहिल्यांदा त्याला हाक मारली. "दादा, पानी द्या थोडं. आन इंदीले तेवढी आत घ्या."

आतून उत्तर आलं नाही. अडसर सरकला. घर्र.

आई तिथंच ओट्यावर बसली. सकाळी अक्का शेतातून आली तेव्हा मी आईच्या पदराखाली जागी होते आणि आई नव्हती. अक्कानं मला उचललं. मी म्हणे एकच वाक्य बोलत होते, "आबाले मी कधीच पानी देनार नही." पाच वर्षांच्या पोरीची शपथ. पण मी ती पाळली. पुढे त्या एका विहिरीच्या दोन झाल्या, नानांनी आपल्या आवारात नवीन खणली. बावीस वर्षं मी आबाच्या दारावरून गेले, मान वळवली नाही. माझ्या लग्नात त्याला बोलावणं नव्हतं. गावानं काही ठराव केला नव्हता, पण त्याला पंगतीत कुणी बोलवत नसे, एवढं खरं. त्याची दोन पोरं त्या साथीतून वाचली, मोठी झाली, बाहेरगावी नोकरीला लागली, फिरकेनाशी झाली. बायको गेली. म्हातारा एकटा भाकरी थापायचा, त्याचा आवाज भिंतीतून यायचा. मला बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू?

तर अशी मी, दर गुरुवारी दगडूभाऊंच्या ओट्यावर छबीला घेऊन बसायची आणि त्या डॉक्टरला शिव्या घालायची. डॉक्टर होताही तसाच. आतल्यांना सांगायचा, बाहेर कुणीच जिवंत नाही, खोटं. आजाऱ्यांच्या खोलीची हवा त्यानं हळूच बंद केली, आणि बंद करताना त्यांना म्हणाला, झोपा आता, सकाळी बरं वाटेल. असा गोड आवाज, मेल्याचा! दगडूबाई कानावर हात ठेवायच्या. पण उठून कुणी जात नसे.

चौथ्या गुरुवारी काय झालं, तो एकटा आपल्या खोलीत आला. दार लावल्याचा आवाज, खुर्ची ओढल्याचा आवाज. मग तो नावं वाचायला लागला. बाहेर राहिलेल्यांची नावं, एकेक, सावकाश. शंभर काही वाचली नसतील, पण पुष्कळ वाचली. तो हे रोज करतो, असं त्यावरून कळलं. बहिणीच्या नावापाशी तो थांबला, घसा खाकरला आणि पुढचं नाव घेतलं. तिचं घेतलंच नाही. आणि लांबून भुयारातल्या जेवणाची घंटा, ताटांचे आवाज, माणसांची बोलणी. तो जेवायला गेला नाही. तो कधीच चारचौघांत जेवत नसे.

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. छबीच्या टोपड्यावर पडलं तेव्हा कळलं. राक्षसासाठी रडले मी! इतका राग आला स्वतःचा की घरी येऊन पोरीला झोळीत टाकली आणि विनाकारण भांडी घासत बसले.

त्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. रंगभूमीवरचा खलपुरुष मी पाहिलेला होता. मिशा, लाल डोळे, हातात चाबूक. त्याला पाहून कधी कुणी रडलं नाही. रेडिओचं तसं नाही. रेडिओत नुसता आवाज येतो, आणि चेहरा आपला आपल्याला घालावा लागतो. चेहरा काही आकाशातून आणता येत नाही, घरात असेल तोच घालायचा. मी दुसऱ्या दिवशी दगडूभाऊंना विचारलं, "भाऊ, डॉक्टर तुम्हाला कसा दिसतो?" ते म्हणाले, जिनिंगमध्ये त्यांचा एक मुकादम होता, तस्सा, गालावर देवीचे वण. अक्काला विचारलं तर म्हणाली, "मना सासरा. बठ्ठा तोच." मग मी मला विचारलं. आणि कळलं की गेले चार गुरुवार मी त्या आवाजाला आबाचा चेहरा घातला होता. खाकरताना गळ्याची हलणारी गाठसुद्धा त्याचीच.

आबाही ऐकत असे, हे सांगायचं राहिलं. दगडूभाऊंच्या ओट्यावर यायची त्याची प्राज्ञा नव्हती, पण तो समोर आपल्या दारात बसे, घोंगडी घेऊन, कान इकडे. आवाज काही कुणाला अडवता येत नाही.

पाचव्या गुरुवारी नाटक संपल्यावर ओट्यावर वाद पेटला. दगडूभाऊ म्हणाले, "चारशे लोकायचा जीव वाचवला त्यानं, ते कोनी पाह्यतच नही. दार उघडं ठेवलं असतं तं सगळेच मेले असते."

"आपल्या पाठची बहीण व्हती ना भाऊ," दगडूबाई म्हणाल्या.

"तो काय हौशीनं करतो? त्याच्या जागी तू असती तं?"

मला राहवलं नाही. मी मुद्दाम मोठ्यानं बोलले. "काही सांगू नका भाऊ. दार लावणारा तो दार लावणाराच. त्यानं नावं वाचली काय आणि पोथी वाचली काय."

समोर घोंगडी हलली. आबा उठला, आत गेला आणि दार लोटून घेतलं. अडसर मात्र घातला नाही. मी कान देऊन ऐकत होते. अक्का माझ्याकडे बघत होती. म्हणाली काहीच नाही, आणि अक्का काही म्हणत नाही तेव्हा समजावं की आपली धडगत नाही.

घरी आल्यावर नाना शेकोटीपाशी बसलेले होते. नाना मुळात बोलायचे कमी, आणि आबाविषयी तर एक अक्षर नाही. मी त्यांच्यावरच घसरले. "तुमची बायको गेली, नाना. तुम्ही त्याला बावीस वर्षांत एकदा तरी विचारलं का, की दार का लावलं?"

नाना काडीनं निखारे सारत राहिले. मग म्हणाले, "मी कोन्या तोंडानं विचारू? यावलहून येतानी रस्त्यात दोघं नवरा-बायको व्हते. तिच्या कडेवर पोर. हात जोडून म्हने, गाडीत घ्या. दोघायले ताप व्हता, पाह्यताच कयत व्हतं. मी बैलाले पराणी टोचली, इंदे. थांबलो नही."

"मग?"

"मंग काय? घरी आलो तं तुझी माय गेलेली. भिकानं दार लावलं ते सगळ्या गावानं पाह्यलं. माझ्या गाडीले कोन पाहात व्हतं?"

मला ते ऐकून नानांचा राग यायला हवा होता. आला नाही. नाना मला आवडायचे, म्हणून आला नाही, दुसरं काय. मी झोळीतल्या छबीकडे पाहिलं. तीन महिन्यांची पोर, मूठ तोंडात घालून झोपलेली. उद्या साथ आली आणि दारात ताप आलेली बाई उभी राहिली, तर मी काय करीन? 'उघडीन' असं उत्तर मनात आलं, पण ते जरा उशिरानं आलं. तो उशीर मला अजून छळतो. आणि तरीही आई ओट्यावर बसलेली होती, तिला पाणी हवं होतं, हे काही त्यानं बदलत नाही. दोन्ही गोष्टी तशाच उभ्या राहतात. एकीनं दुसरी खोडता येईल तर बघावं म्हणून मी आजवर फार धडपडले.

आमच्या मळ्यातलं भरीत दरवर्षी त्याच दिवसांत असायचं. आळीतली सगळी घरं, वीस-पंचवीस माणसं. नाना रविवार म्हणत होते; अक्का हटून बसली, गुरुवारच. "रविवारी काय शे? गुरुवारी त्या डाक्टरनं शेवटलं शे." खरंच, नाटकाचा तो शेवटचा भाग होता. शेवटी दगडूभाऊंची पेटी बैलगाडीत, कडब्यावर, बॅटरीसकट मळ्यात आली. तार निंबाच्या झाडावर चढवली. छबीची झोळीही त्याच निंबाला.

भरीत कसं करतात ते आता मी धुळ्यात शेजारणींना सांगून थकले. चुलीवर वांगं भाजणं म्हणजे भरीत नव्हे. कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ लागतो, भडकणारा, आणि वांगी त्यात लोटून द्यायची, काळी ठिक्कर होईपर्यंत. मग बोटं भाजत, फुंकर मारत सालं काढायची. ते काम पुरुषांचं, आणि त्यात जो ओय ओय करील त्याची टिंगल. मग लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या, लसूण घालून ठेचायचं. मिरच्या अशा की बाहेरच्या माणसानं एका घासात देव आठवावेत. वरून शेंगदाणे, कांद्याची पात, तेल. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि केळीचं पान. सूर्य गेला होता, पण उजेड होता. बांधापलीकडे आबाचं शेत. तो बांधावर येऊन बसलेला मला दिसला. हातात काही नव्हतं, कामही नव्हतं. पेटीसाठी आला होता.

पानं मांडून झाली. प्रत्येक पानाला तांब्या. पंगत बसली, नाटक सुरू झालं, आणि मी भरताचं पातेलं घेऊन वाढायला उभी राहिले. तेवढ्यात अक्का उठली. एक पान घेतलं, पुसलं आणि पंगतीच्या टोकाला, नेमकं रेडिओपुढे मांडलं.

"अक्का, हे कोनाचं?" दगडूभाऊंनी विचारलं.

"त्या डाक्टरनं."

डॉक्टरचं पान म्हटल्यावर हशा पिकला. भाऊंना ठसका लागला. "अवं अक्का, तो मुंबईले हाये! पेटीत नही बसेल!"

"माले माहीत शे, मी काय येडी शे का?" अक्का म्हणाली. "दीड महिना जाया, बठ्ठा जेवतंस, ताटेसना आवाज येस, आन तो एकलाच उपाशी. आपन त्याना समोर जेवानं आन त्याले पान नई? मना घरमा असं चालाव नई." आणि मला म्हणाली, "वाढ वं इंदू."

अक्काशी वाद घालणं म्हणजे वाहत्या मोटेला हात घालणं. मी रेडिओपुढच्या पानावर भरीत वाढलं, भाकरी ठेवली. तांब्या तेवढा ठेवला नाही. पेटी काय पाणी पिणार आहे?

नाटक शेवटाला आलं. भुयारातली माणसं कुठे गेली, मेली की दुसऱ्या वाटेनं सुटली, ते माझ्या नीट ध्यानात नाही. जाळाचा तडतड आवाज मध्ये येत होता. डॉक्टर एकटा उरला एवढं खरं. भाता थांबला. पावलं वाजत दारापाशी आली. अडसर सरकला, ह्या वेळी उलटा. आणि तो म्हणाला, "बाहेर कुणी आहे का?"

पुढे खरखर. मग तीही नाही. बॅटरी संपली होती.

दगडूभाऊ पेटीला एक चापट मारायला म्हणून उठले आणि तसेच उभे राहिले. कारण बांधावरून आबा खाली उतरला होता. काठी टेकत, ढेकळं चुकवत, तो सरळ पंगतीकडे आला. रेडिओपुढच्या पानाशी थांबला. जोडे काढले.

"अक्का," तो म्हणाला, "पान मांडेल पाह्यलं. म्हून आलो."

आणि बसला.

त्याला लांबून एवढंच दिसलं होतं: सगळी माणसं बसल्यावर अक्कानं एक जास्तीचं पान मांडलं, वाढायला लावलं, आणि त्यावर कुणी बसलं नाही. बोलणं काही त्याला ऐकू गेलं नसणार. बावीस वर्षांनी आपलं पान मांडलं गेलं असं त्याला वाटलं. आता त्याला कोण सांगणार, की बाबा, हे तुझं नव्हे, पेटीतल्या माणसाचं आहे? आणि मांडल्या पानावरून माणसाला उठवायचं नसतं. वैरी असला तरी नाही. दगडूबाईंनी पदर तोंडाला लावला. नाना आपल्या पानाकडे बघत होते. अक्का शांतपणे भाकरी मोडत होती.

पुढे मी अक्काला हजारदा विचारलं, "खरं सांग, तू कुणासाठी मांडलं होतंस?" तिचं उत्तर ठरलेलं. "डाक्टरकरता. मी कशाले खोटं बोलू?"

आबानं पानाभोवती पाणी फिरवायला म्हणून हात उजवीकडे नेला. तिथं तांब्या नव्हता. त्यानं हात मागे घेतला, नमस्कार केला आणि पहिला घास खाल्ला. मिरच्या आमच्याकडच्या, आणि म्हातारा बिचारा एकट्यासाठी मिळमिळीत शिजवून खाणारा. दुसऱ्या घासाला ठसका लागला. डोळ्यांतून, नाकातून पाणी. शेजारी बसलेल्यांनी आपापले तांब्ये पाहिले, पण कुणी हलवला नाही. सगळ्यांना शपथ माहीत होती. पाणी द्यायचं तर ते कुणी, हेही सगळ्यांना माहीत होतं. आबालाही. तो खोकत होता, लाल झाला होता, गळ्याची गाठ खालीवर होत होती. पण त्यानं पाणी मागितलं नाही.

मी पातेलं घेऊन उभी होते. त्याला खोकू दिलं, हेही सांगते. थोडा वेळ नव्हे, चांगला वेळ. मला ऐकायचं होतं. मागू दे, मला वाटत होतं, एकदा माग, आईसारखा माग. म्हणजे मला नाही म्हणता येईल. बावीस वर्षं मी तो 'नाही' तोंडात धरून ठेवला होता. आणि तो मागेना. झोळीत छबी खोकल्यानं जागी झाली, रडायला लागली, अक्का तिला घ्यायला उठली नाही. कुणीच उठलं नाही.

मी पातेलं खाली ठेवलं. माझ्या स्वतःच्या पानाचा तांब्या उचलला आणि त्याच्यापुढे ठेवला. ठेवला म्हणजे आपटलाच. पाणी हिंदकळून पानावर सांडलं.

आबा गटागटा प्याला. तोंड पुसलं. तांब्याकडे बघत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "ऐकू आलं व्हतं मले. तिचं पानी मांगनं. मी दारालेच टेकून बसेल व्हतो. सकायपावेतो."

मी त्याला माफ केलं असं कुणी समजू नये. मलाच ते नीट माहीत नाही. आबा त्यानंतर तीन वर्षं होता; मी माहेरी जाई तेव्हा त्याच्या दारावरून जाताना मान वळवत असे, इतकंच. त्या संध्याकाळी आईचं नाव घ्यावंसं वाटलं, घेतलं नाही. मग मी पातेलं पुन्हा उचललं, आणि पंगतीत उभ्या बाईनं जे विचारायचं असतं ते, मी विचारलं.

"वाढू का अजून?"

आबानं पानावर हात आडवा धरला नाही. मी वाढलं.